हरायला वेळ मिळालेली मुलगी

(मुलींच्या आंतरशालेय क्रीडास्पर्धेच्या बक्षीस समारंभात एका क्रीडाशिक्षिकेने केलेलं भाषण)



आयोजकांनी मला विजेत्या मुलींना उद्देशून चार शब्द बोलायला सांगितलं आहे. विजेत्या मुलींनो, तुमचं मनापासून अभिनंदन. तुमचे चार शब्द इथेच संपले! पुढचं सगळं मी हरलेल्या मुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलणार आहे. सकाळपासून मी मागच्या रांगेत बसून पाहत होते. उपांत्य सामना संपल्यावर एका मुलीचे वडील तिला म्हणाले, "झालं ना आता समाधान? चला घरी." ते रागावून बोलले नाहीत, अगदी प्रेमाने बोलले. पण ते "झालं ना आता" माझ्या कानात बसलं, कारण ते मीही ऐकलेलं आहे.

मी नववीत असताना आमचा खो-खोचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात हरला. घरी आले तर अब्बा म्हणाले, "खेळून झालं, आता अभ्यासाचं बघ." अब्बा वाईट नव्हते. बूट त्यांनीच आणून दिले होते. त्याच वर्षी माझा मोठा भाऊ दहावीला दुसऱ्यांदा नापास झाला. त्याला कोणी म्हटलं नाही, "झालं ना आता." तिसऱ्यांदा फॉर्म भरला, क्लास लावला, आणि तो पास झाला. आज तो चांगल्या नोकरीत आहे, मला त्याचा आनंद आहे. मी फक्त हिशेब सांगते: त्याला तीन संधी, मला एक.

आज मी तुम्हाला अशा एका मुलीची गोष्ट सांगणार आहे जिला हरायला भरपूर वेळ मिळाला. तिचं नाव ओन्स जाबेर. देश ट्युनिशिया. उत्तर आफ्रिकेत, भूमध्य समुद्राच्या काठावर, लोकसंख्या आपल्या मुंबईपेक्षा कमी. अरबी बोलणारा, मुस्लिम बहुसंख्येचा देश. महिला टेनिसच्या जागतिक क्रमवारीत ही मुलगी दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली. अरब जगातून किंवा आफ्रिका खंडातून इतक्या वर त्याआधी कोणतीच महिला गेली नव्हती.

ओन्सचा जन्म २८ ऑगस्ट १९९४चा, क्सार हेलाल या लहान गावातला. ती वाढली सूस या किनाऱ्यावरच्या शहरात. तिची आई समीरा हौसेने टेनिस खेळायची. तीन वर्षांची असताना ओन्स आईबरोबर कोर्टवर जायला लागली. स्थानिक प्रशिक्षक नबील म्लिका यांच्याकडे ती जवळजवळ दहा वर्षं शिकली. सरावाला पुरेशी कोर्ट नव्हती, म्हणून पर्यटकांसाठी बांधलेल्या हॉटेलांच्या कोर्टवर ही मुलं खेळायची. पुढे बारा-तेरा वर्षांची झाल्यावर ती राजधानी ट्युनिसला गेली, खेळाडूंसाठी असलेल्या सरकारी क्रीडाशाळेत.

मुलींनो, हे वय लक्षात ठेवा. बारा-तेरा. आमच्याकडे याच वयात मुली मैदानावरून गायब होतात. सहावीला माझ्या तासाला चाळीस मुली असतात, नववीला आठ उरतात. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, "मोठी झाली आता." ओन्स मोठी झाली तेव्हा तिला मोठं मैदान मिळालं. फरक एवढाच आहे, पण सगळं पुढचं आयुष्य त्यावर बेतलेलं आहे.

ट्युनिशियाचं नाव आपल्या चळवळीत वाढलेल्या लोकांना नवं नाही. मार्च १९५६ मध्ये तो देश फ्रेंच सत्तेतून मुक्त झाला, आणि पाचच महिन्यांत, १३ ऑगस्ट १९५६ला, हबीब बुर्गिबा यांच्या सरकारने कुटुंबकायदा बदलला. बहुपत्नीत्व बंद केलं, तोंडी तलाक बंद केला, घटस्फोट कोर्टातच होईल असं ठरवलं. त्यानंतर दहा वर्षांनी, १८ एप्रिल १९६६ला, हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांना बरोबर घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा काढला, त्यामागे हीच मागणी होती. आता कायद्याने कोणी टेनिस शिकत नाही, हे मलाही कळतं. पण जिच्या डोक्यावर तीन शब्दांची टांगती तलवार नाही, ती आई स्वतःच्या हौसेसाठी रॅकेट हातात घेऊ शकते, आणि मुलीचं बोट धरून तिला कोर्टवर नेऊ शकते. ओन्सची सुरुवात तिथून आहे.

आता तिच्या खेळाकडे येऊ. २०१०मध्ये ती फ्रेंच ओपनच्या मुलींच्या गटात अंतिम सामना हरली, एलिना स्वितोलिनाकडून. पुढच्या वर्षी परत आली. जून २०११मध्ये मोनिका पुइगला हरवून तिने ती स्पर्धा जिंकली. ग्रँड स्लॅम स्पर्धेत मुलींचं एकेरीचं विजेतेपद मिळवणारी ती पहिली अरब मुलगी. वय सोळा. त्याच वर्षी जानेवारीत तिच्या देशात क्रांती होऊन हुकूमशहा पळून गेला होता. लोकांना वाटलं, ही मुलगी आता दोन-तीन वर्षांत जग जिंकणार.

तिने महिलांच्या मुख्य दौऱ्यावरची पहिली स्पर्धा जिंकली ती जून २०२१मध्ये. मधली वर्षं मोजा. दहा.

ही दहा वर्षं कशी असतात ते सांगते, कारण टीव्हीवर आपल्याला फक्त विम्बल्डन दिसतं. टेनिसपटूला पगार नसतो. खेळाल तेवढे पैसे, जिंकाल तेवढे गुण. खालच्या पायरीवर छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा असतात. त्या काळात अशा स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम दहा हजार डॉलर, पंचवीस हजार डॉलर असायची, आणि ती सगळ्या खेळाडूंत वाटली जायची. विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, प्रशिक्षकाचा खर्च, सगळं खेळाडूच्या खिशातून. पहिल्याच फेरीत हरलात तर हातात येतं त्याहून जास्त निघून जातं. मिळालेले गुणही कायमचे नसतात. बावन्न आठवड्यांनी ते खात्यातून उतरतात. म्हणजे मागच्या वर्षी जिंकलेली स्पर्धा यंदा हरलात तर तुम्ही शिडीवरून खाली. साधारण पहिल्या शंभरात असाल तर ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळतो, नाहीतर आधी पात्रता फेरीचे तीन सामने जिंकावे लागतात. त्यामुळे शंभरावा क्रमांक हा टेनिसमधला उंबरठा आहे. त्याच्या आत असाल तर खेळावर पोट चालतं. बाहेर असाल तर घरच्यांच्या धीरावर चालतं.

ओन्स त्या उंबरठ्याबाहेर कितीतरी वर्षं उभी होती. या काळात तिच्याबरोबरच्या मुली कुठे गेल्या पाहा. जिला तिने २०११मध्ये हरवलं त्या पुइगने २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरीचं सुवर्णपदक जिंकलं. जिच्याकडून ती २०१०मध्ये हरली ती स्वितोलिना २०१७च्या सुरुवातीला जगातल्या पहिल्या दहांत पोचली. आणि ओन्स तेव्हाही शंभराच्या बाहेर. विचार करा, आपल्या घरात अशी मुलगी असती तर काय ऐकावं लागलं असतं? "तुझ्याबरोबरची ती बघ कुठे गेली." "बावीस वर्षांची झालीस, आता पुरे." तिचं तर २०१५मध्ये लग्नही झालं होतं. लग्नानंतर खेळ थांबत नाही, हे तिच्या नवऱ्याला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. करीम कमून स्वतः तलवारबाजीचा खेळाडू. पुढे तोच तिचा फिटनेस ट्रेनर झाला आणि तिच्याबरोबर गावोगाव फिरला.

२०१७चं फ्रेंच ओपन. ओन्स पात्रता फेरीत हरली. पण मुख्य फेरीतल्या एखाद्या खेळाडूने ऐनवेळी माघार घेतली की पात्रता फेरीत हरलेल्यांपैकी कोणाला तरी आत घेतात. त्याला टेनिसमध्ये लकी लूजर म्हणतात. तशी तिला जागा मिळाली. आणि या हरून आत आलेल्या मुलीने दुसऱ्या फेरीत सहावं मानांकन असलेल्या डोमिनिका सिबुलकोव्हाला हरवलं. ग्रँड स्लॅमच्या तिसऱ्या फेरीत पोचलेली ती पहिली अरब महिला. त्याच वर्षी तिने शंभराचा उंबरठा ओलांडला.

तिच्याआधी हा उंबरठा ट्युनिशियाच्याच सेलिमा स्फारने ओलांडला होता. २००१मध्ये ती पंचाहत्तराव्या क्रमांकापर्यंत गेली होती. ओन्स तेव्हा सहा-सात वर्षांची. तिला वर बघायला आपल्याच देशातली एक बाई होती. आपल्या मुलींना सानिया मिर्झा होती. मुंबईत जन्मलेली, हैदराबादमध्ये वाढलेली, एकेरीत सत्ताविसावी आणि दुहेरीत जगात पहिली आलेली. पण २००५मध्ये सानिया उत्तम खेळत होती तेव्हा आपण काय पाहत होतो? तिच्या स्कर्टची लांबी. मौलवी बोलले, टीव्हीवाले बोलले, आमच्या गल्लीतले लोकही बोलले. तिचा फोरहँड किती जोरदार आहे यावर कोणी फतवा काढला नाही. ओन्सच्या कपड्यांवरही बोलणारे लोक आहेत. ती खेळत राहिली. माझं या बाबतीत एकच म्हणणं आहे. आज इथे काही मुली स्कार्फ बांधून खेळल्या, काही हाफ पँट घालून खेळल्या. मी शिट्टी वाजवते ती चुकीच्या खेळासाठी, कपड्यांसाठी वाजवत नाही.

ऑक्टोबर २०१८. मॉस्कोची स्पर्धा. ओन्स पात्रता फेरीपासून खेळत अंतिम सामन्यापर्यंत आली. पहिला सेट ६-२ जिंकला. मग पाय आखडले, आणि दारिया कसात्किनाने पुढचे दोन सेट घेतले. हातातोंडाशी आलेला घास गेला. जानेवारी २०२०मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचली. तिथे सोफिया केनिनकडून हरली. एप्रिल २०२१मध्ये अमेरिकेत चार्ल्स्टनला पुन्हा अंतिम सामना, पुन्हा पहिला सेट जिंकून हार. आणि मग जून २०२१, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. अंतिम सामन्यात समोर कोण? तीच कसात्किना. या वेळी ७-५, ६-४. महिलांच्या मुख्य दौऱ्यावर एकेरीची स्पर्धा जिंकणारी पहिली अरब महिला. तेव्हा ती जवळजवळ सत्तावीस वर्षांची होती.

तिच्या खेळाबद्दल थोडं सांगते. आजचं महिला टेनिस ताकदीचं आहे. मागे उभं राहायचं आणि चेंडू जीव खाऊन मारायचा. ओन्सचा खेळ तसा नाही. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या वेगवान गोलंदाजांत ही एकटी फिरकी टाकणारी. मध्येच स्लाइस मारून चेंडू खाली ठेवते, मध्येच ड्रॉप शॉट मारून नेटजवळ अलगद सोडते. समोरची मुलगी पळतच राहते. असा खेळ पिकायला वेळ लागतो. ताकद अठराव्या वर्षी येते, हात आणि डोकं जुळायला मात्र अनेक वर्षं जातात, आणि त्या वर्षांत माणूस बरेच सामने हरतो. तिला अठराव्या वर्षी थांबवलं असतं तर हा खेळ जगाने पाहिलाच नसता.

ऑक्टोबर २०२१मध्ये ती पहिल्या दहांत आली. मे २०२२मध्ये माद्रिदची मोठी स्पर्धा जिंकली. त्या अंतिम सामन्याचा स्कोअर मुलींनी वहीत लिहून ठेवावा: ७-५, ०-६, ६-२. मधला सेट शून्य-सहा! जेसिका पेगुलाने एकही गेम घेऊ दिला नाही. आणि पुढचा सेट ओन्सने जिंकला. २७ जून २०२२ला ती जगात दुसरी झाली. तिचे प्रशिक्षक इस्साम जेलाली ट्युनिशियाचेच. म्हणजे बाहेरचं नाव विकत न घेता घरचीच माणसं घेऊन ती तिथे पोचली.

त्या वर्षीच्या विम्बल्डनला उपांत्य सामन्यात तिने तात्याना मारियाला हरवलं. मारिया चौतिशीतली, दोन मुलींची आई, आणि ओन्सची मैत्रीण. सामना संपल्यावर ओन्सने तिला हात धरून कोर्टच्या मध्ये आणलं आणि टाळ्या तिच्याबरोबर वाटून घेतल्या. हरलेल्या बाईचा असा मान ठेवायला स्वतः खूप वेळा हरावं लागतं, असं मला वाटतं.

अंतिम सामना ९ जुलै २०२२ला होता. ट्युनिशियात त्या दिवशी ईद होती. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी, १० जुलैला, बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकत्र आली होती, आठवत असेल तुम्हाला. आमच्या घरी शेजारच्या काकू उपवासाचं घेऊन आल्या होत्या, आणि अम्मी आणि त्या मिळून टीव्हीसमोर बसल्या होत्या. ओन्सने पहिला सेट ६-३ जिंकला. पुढचे दोन सेट एलेना रायबाकिनाने ६-२, ६-२ असे घेतले. सप्टेंबरमध्ये ओन्स अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात पोचली, तिथे इगा श्वीऑनटेक जिंकली. पुढच्या वर्षी परत विम्बल्डन. या वेळी वाटेत तिने रायबाकिनाला हरवलं, आर्यना सबालेन्काला हरवलं, दोघींविरुद्ध पहिला सेट गमावून. अंतिम सामन्यात समोर मार्केटा वोंड्रोउसोव्हा, जिला मानांकनही नव्हतं. पहिल्या सेटमध्ये ओन्स ४-२ने पुढे होती. हरली ६-४, ६-४. मैदानावरच रडली. आपल्या कारकिर्दीतला हा सर्वांत वेदनादायक पराभव आहे, असं तिने माइकसमोर सांगितलं.

तीन ग्रँड स्लॅम अंतिम सामने, तिन्ही हरले. मग ही गोष्ट यशाची की अपयशाची? ट्युनिशियातल्या लोकांनी याचं उत्तर आपल्या पद्धतीने दिलेलं आहे. ते तिला आनंदमंत्री म्हणतात. सरकारी खातं नसलेली मंत्री. तिचं रडणं लोकांनी पाहिलं आणि पुढच्या स्पर्धेला पुन्हा रात्री जागले.

गोष्ट इथे संपवली तर छान वाटेल, पण खरं सांगायचं तर पुढचंही सांगावं लागेल. गुडघा आणि खांदा तिला त्रास देत राहिले. क्रमवारी खाली आली. जुलै २०२५मध्ये तिने जाहीर केलं की काही काळ खेळ थांबवते आहे, कारण कोर्टवर आनंद वाटत नाही. जिला सगळे आनंदमंत्री म्हणतात तिने हे मोकळेपणाने सांगितलं. नोव्हेंबरमध्ये आपण आई होणार असल्याचं तिने सांगितलं. ती परत येईल की नाही ते ती ठरवेल. थांबायचं केव्हा हेसुद्धा तिनेच ठरवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. माझं खेळणं थांबलं ते एका रविवारी संध्याकाळी चहा पिता पिता, आणि ठरवणारी मी नव्हते.

पालकहो, तुम्ही म्हणाल, बाई, आमची मुलगी काही विम्बल्डनला जाणार नाहीये. बरोबर आहे. जाणार नाही. माझीही गेली नसती. ट्युनिशियाच्या त्या हॉटेलच्या कोर्टवर ओन्सबरोबर खेळणाऱ्या बाकीच्या मुलीही गेल्या नाहीत. पण मला सांगा, हरून घरी यायचं, जेवायचं, झोपायचं आणि सकाळी परत जायचं, हे मुलीला कुठे शिकायला मिळणार? पुढे तिला नोकरीसाठी मुलाखती द्यायच्या आहेत. त्यात नकार येतील. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर दोन-तीन वेळा यादीत नाव येणार नाही. धंदा सुरू केला तर पहिल्या वर्षी तोटा होईल. एकदा हरलं की घरी बसायचं, एवढंच आपण तिला शिकवलं असेल, तर ती तेव्हाही घरीच बसेल. मुलाला आपण हे शिकवत नाही. त्याला म्हणतो, "पुन्हा बस परीक्षेला."

माझी मागणी फार मोठी नाही. तुमच्या घरात मुलाला जेवढ्या वेळा नापास होऊ देता, तेवढ्या वेळा मुलीला हरू द्या. आज रात्री जेवताना तिला "झालं ना आता" म्हणू नका. "पुढची स्पर्धा केव्हा आहे?" एवढंच विचारा. अब्बांनी मला ते विचारलं असतं तर मी कदाचित राज्याच्या संघात गेले असते, कदाचित पुढच्या वर्षी पुन्हा हरले असते. पण ते मला कळलं तरी असतं.

आणि हरलेल्या मुलींनो, बक्षीस न घेता आज तुम्ही गाडीत बसाल तेव्हा ०-६ आठवा, आणि त्यानंतरचा ६-२सुद्धा. पुढच्या वर्षी याच मैदानावर यायचं. नावं मी लिहून घेतली आहेत, हजेरी घेणार आहे.